शाळेतलं जागतिक भान आणि नागरिकत्वाचं शिक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षकांची प्रशिक्षणं, मुख्याध्यापकांच्या बैठका, पालकसभा. कुठेही गेलं तरी हे प्रश्न येतातच. उत्तरांमागे माझा एक आग्रह आहे, तो आधीच सांगते. नागरिक म्हणून कसं वागायचं हे मुलं पुस्तकातल्या व्याख्येवरून कमी आणि आपला वर्ग रोज कसा चालतो यावरून जास्त शिकतात. हे पटत नसेल तर पुढची बरीच उत्तरंही पटणार नाहीत. तरी वाचावीत अशी विनंती.

जागतिक भान म्हणजे नेमकं काय शिकवायचं? देश, राजधान्या, झेंडे?

राजधान्या पाठ असायला काहीच हरकत नाही, पण तेवढ्याने भान येत नाही. आपल्या रोजच्या जगण्याचे धागे दूरच्या अनोळखी माणसांपर्यंत कसे पोचतात हे मुलाला दिसू लागावं. त्या माणसांच्या जागी स्वतःला ठेवून पाहता यावं. आणि 'हे असंच का आहे, कोणी ठरवलं, बदलता येईल का' असं विचारायची सवय लागावी. मी जागतिक भान म्हणते ते एवढंच, पण एवढंही वर्षभराच्या कष्टाने येतं.

शाळेच्या व्यवस्थापनाला पटवायचं असेल तर आधार भक्कम आहे. संयुक्त राष्ट्रांनी सप्टेंबर 2015 मध्ये शाश्वत विकासाची 17 उद्दिष्टं स्वीकारली. त्यातलं चौथं शिक्षणाचं. त्यातल्या 4.7 या लक्ष्यात मानवी हक्क, स्त्री-पुरुष समानता, शांतता आणि जागतिक नागरिकत्व यांचं शिक्षण 2030 पर्यंत सर्व विद्यार्थ्यांना मिळावं असं म्हटलं आहे. याच विषयावरची युनेस्कोची 1974 ची शिफारस नोव्हेंबर 2023 मध्ये नव्याने मंजूर झाली. तेव्हा हे कुणा एका उत्साही शिक्षकाचं खूळ नाही, हे निःसंकोच सांगा.

नागरिकशास्त्र तर शिकवतोच. मग आणखी वेगळं काय?

नागरिकशास्त्राच्या तासाला मुलं संस्थांची रचना शिकतात आणि ती शिकायलाच हवी. अडचण पुढे येते. 'संयुक्त राष्ट्रांचे 193 सदस्य आहेत, सुरक्षा परिषदेत 15 देश असतात, त्यातल्या 5 कायम सदस्यांना नकाराधिकार असतो' हे वाक्य वहीत उतरवून झालं की धडा संपतो. खरं तर इथे तो सुरू व्हायला हवा. आफ्रिका खंडात पन्नासहून जास्त देश आहेत, मग त्यातल्या एकाकडेही कायमची जागा का नाही? 1945 मध्ये संयुक्त राष्ट्रांची स्थापना झाली तेव्हाच्या 51 सदस्यांत आफ्रिकेतले फक्त चार होते : इजिप्त, इथिओपिया, लायबेरिया आणि दक्षिण आफ्रिका. बाकीचा बहुतेक खंड कुणाच्या ना कुणाच्या वसाहतीखाली होता. हे कळलं की नियम आकाशातून पडलेले नसतात, ते कुणीतरी, कधीतरी, कुणाला तरी बाहेर ठेवून केलेले असतात, हे मुलांना आपोआप उमगतं.

कितव्या इयत्तेपासून सुरुवात करावी?

पहिलीपासून. सहा-सात वर्षांच्या मुलाला 'हे बरोबर नाही' हे उत्तम कळतं. खेळात डाव कोणाचा, चूक एकाने केल्यावर सगळ्यांना शिक्षा का, एखादं मूल नेहमी एकटं का बसतं, या गोष्टींवर लहान मुलं गंभीरपणे बोलतात, फक्त मोठ्यांनी ऐकून घेतलं पाहिजे. देश, करार, परिषदा हे शब्द पाचवी-सहावीनंतर आले तरी चालेल.

पोर्शनच पूर्ण होत नाही. वेळ कुठून काढायचा?

वेगळा तास मागू नका. मिळणार नाही, आणि मिळाला तर पहिल्याच परीक्षेच्या तोंडावर जाईल. आहे त्या विषयांत शिरा. गणितात टक्केवारी शिकवताना पाण्याच्या वापराची आकडेवारी घ्या. विज्ञानात रोगजंतू आले की देवी या रोगाच्या निर्मूलनाची गोष्ट सांगा. भाषेच्या तासाला एकाच घटनेच्या दोन बातम्या शेजारी ठेवून शब्दांची निवड तपासा. महिन्यातून असा एकच तास नीट तयारी करून घेतलात तरी वर्षाचं काम झालं. रोज पाच मिनिटं 'जगातल्या घडामोडी' वाचून दाखवण्याचा मला फारसा उपयोग दिसलेला नाही. त्यात मुलं ऐकतात आणि विसरतात.

एखादा तास प्रत्यक्षात कसा घ्यायचा, ते सांगाल का?

आठवी-नववीसाठीचा, माझ्या आवडीचा एक तास सांगते.

टेबलावर एक बंद पडलेला मोबाईल ठेवायचा. तो उघडायचा नाही, बॅटरीला हात लावायचा नाही. पहिला प्रश्न : ही वस्तू आपल्या हातात येण्याआधी किती देश फिरून आली असेल? मुलं सांगतील ते आकडे फळ्यावर लिहायचे, त्यावर काही बोलायचं नाही. मग गटागटाला चिठ्ठ्या द्यायच्या. एका चिठ्ठीत असतं की फोनच्या बॅटरीत लागणाऱ्या आणि जगातल्या खाणींतून निघणाऱ्या कोबाल्ट या धातूपैकी दोन तृतीयांशाहून जास्त एकट्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येतं आणि तिथल्या काही खाणींत माणसं हाताने खोदकाम करतात. दुसरीत, बॅटरीतल्याच लिथियम या धातूच्या उत्पादनात ऑस्ट्रेलिया आणि चिली हे देश आघाडीवर आहेत. तिसरीत, कोबाल्ट शुद्ध करण्याचं बहुतेक काम चीनमध्ये होतं. चौथीत, टाकून दिलेल्या फोनचं पुढे काय होतं.

आता प्रत्येक गट एक माणूस होतो : खाणकामगार, खाणीचा व्यवस्थापक, कारखान्यात सुटे भाग जोडणारी कामगार, फोन घेणारा ग्राहक, भंगारातले फोन फोडणारा, आणि ज्या देशात खाण आहे तिथला मंत्री. प्रश्न सगळ्यांना एकच. खाणीतलं काम सुरक्षित करायचं तर खर्च वाढेल. तो कोणी सोसावा?

बहुतेक वेळा ग्राहकांच्या गटातून कुणीतरी चटकन म्हणतं, 'असे फोन वापरायचेच नाहीत.' ऐकायला छान वाटतं. मग खाणकामगारांच्या गटातून प्रश्न येतो, 'मग आम्ही खायचं काय?' हा क्षण फार मोलाचा आहे. इथे शिक्षकाने तोंड उघडायचं नाही. उत्तर सुचवायचं नाही, सारांश सांगायचा नाही. मंत्री झालेली मुलं थोड्या वेळाने कायद्याचं बोलू लागतात, व्यवस्थापक म्हणतात की कायदा कडक केला तर कंपनी दुसऱ्या देशात जाईल, आणि कुणाच्या तरी लक्षात येतं की मग नियम सगळ्या देशांनी मिळून करावे लागतील. आंतरराष्ट्रीय करार कशासाठी लागतात हे त्या मुलांना आता कुणी समजावून सांगावं लागत नाही.

शेवटची दहा मिनिटं लिहिण्यासाठी राखून ठेवा. आधी मला काय वाटत होतं, आता काय वाटतं, आणि अजून काय कळलेलं नाही, एवढ्या तीनच ओळी. यातली तिसरी ओळ जपून ठेवा. पुढचा तास तिथून सुरू करायचा.

भिंतीवरच्या नकाशाने काही फरक पडतो का?

पडतो. बऱ्याच शाळांत टांगलेला जगाचा नकाशा मर्केटर पद्धतीचा असतो. ही पद्धत 1569 मध्ये जहाजांना दिशा धरून जाता यावं म्हणून तयार झाली आणि त्या कामाला ती उत्तमच आहे. पण तिच्यात ध्रुवांकडचे प्रदेश फुगतात. ग्रीनलँड आणि आफ्रिका जवळपास सारखे दिसतात, प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलँडच्या सुमारे 14 पट आहे. पृथ्वीचा गोल आणि हा नकाशा शेजारी ठेवा, मुलांना स्वतः ताडून पाहू द्या. मग विचारा : कुठला प्रदेश मोठा दिसावा आणि कुठला लहान, याचा आपल्या मनावर काय परिणाम होत असेल?

वादग्रस्त विषय वर्गात आणले तर राजकारण शिकवल्याचा आरोप होईल. काय करावं?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्यामागची भीती खरी आहे. वादाचे विषय टाळले म्हणून ते मुलांच्या आयुष्यातून जात नाहीत. ते फोनवरून, घरातल्या गप्पांतून, ओरडणाऱ्या चर्चांमधून पोचतातच. वर्ग ही त्यातल्या त्यात अशी जागा आहे जिथे शांतपणे बोलायला शिकवणारं कुणीतरी हजर असतं.

पश्चिम जर्मनीत सत्तरच्या दशकात याच प्रश्नावरून शिक्षणतज्ज्ञांत तीव्र मतभेद होते. 1976 मध्ये बॉयटेल्सबाख या गावी ते एकत्र बसले आणि त्यातून तीन तत्त्वं पुढे आली. पहिलं : शिक्षकाने आपलं मत विद्यार्थ्यावर लादायचं नाही, त्याला स्वतःचं मत बनवण्यापासून अडवायचं नाही. दुसरं : समाजात आणि अभ्यासकांत जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडायचं. तिसरं : एखाद्या राजकीय परिस्थितीत आपलं हित कशात आहे हे ओळखून तिच्यावर प्रभाव कसा टाकायचा, हे विद्यार्थ्याला कळलं पाहिजे. जर्मनीत आजही राजकीय शिक्षण या चौकटीत चालतं. कुठल्याही शाळेला हे नियम जसेच्या तसे कागदावर उतरवून शिक्षक, पालक, व्यवस्थापन अशा तिघांच्या सह्या घेता येतील. आरोप झालाच तर तो कागद हाताशी असतो.

प्रत्यक्ष चर्चेसाठी डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या अमेरिकी भावांनी बसवलेली पद्धत मला वादविवाद स्पर्धेपेक्षा कितीतरी चांगली वाटते. चार जणांचा गट. दोघं एक बाजू अभ्यासतात, दोघं दुसरी. आळीपाळीने मांडतात. मग बाजू बदलायच्या, आणि समोरच्यांची बाजू त्यांच्याइतक्याच ताकदीने मांडायची. शेवटी बाजू सोडून चौघांनी मिळून सहमतीचं एक निवेदन लिहायचं. जुळत नसेल तर कुठे जुळत नाही ते लिहायचं. सरावासाठी मतदानाच्या वयाचा विषय घ्या. ऑस्ट्रियाने 2007 मध्ये ते 16 वर आणलं. ब्राझीलमध्ये 16 आणि 17 व्या वर्षी मत देता येतं, पण सक्ती नाही. दोन्ही बाजूंना भरपूर मुद्दे मिळतात आणि विषय मुलांच्या जिव्हाळ्याचा असतो.

एक मर्यादा मात्र ठरवून घ्या. सगळ्याच गोष्टींना दोन बाजू नसतात. हवामान बदलाचं मुख्य कारण माणूस आहे का, हा वैज्ञानिकांच्या लेखी वादाचा विषय उरलेला नाही. त्यावर कोणत्या देशाने किती खर्च करावा, हा आहे. माणसांचा एखादा गट जन्माने कमी दर्जाचा आहे का, हा प्रश्न चर्चेला ठेवायचाच नाही. त्या गटातलं मूल तुमच्यासमोर बसलेलं असू शकतं.

शिक्षकाने स्वतःचं मत सांगावं का?

लहान वर्गांत शक्यतो नाही. मोठ्या वर्गांत मुलांनी थेट विचारलं तर चर्चा संपल्यानंतर, कारणांसकट आणि 'माझ्याशी असहमत असलेलीही विचारी माणसं आहेत' हे स्पष्ट सांगून. मत लपवून आडून सुचवत राहणं सगळ्यात वाईट. मुलांना ते लगेच कळतं.

एखाद्या युद्धाची बातमी आली आणि वर्गात त्या भागाशी नातं असलेलं मूल असेल तर?

आधी त्या मुलाशी एकट्याने बोला. चर्चा व्हावी असं त्याला वाटतं का, वर्गात थांबायचं आहे का, हे विचारा. 'तू तिकडचा ना, मग तूच सांग' असं सगळ्यांसमोर कधीही म्हणू नका. एका मुलाला साऱ्या देशाचा किंवा धर्माचा प्रतिनिधी करणं अन्यायाचं आहे. युद्धाची दृश्यं दाखवू नका. लहान मुलांना मुख्यतः तीन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात : आपण सुरक्षित आहोत का, तिथल्या मुलांना कोणी मदत करतंय का, आणि आपण विचारलेला प्रश्न चुकीचा तर नाही ना.

जगाचा विचार करायला शिकवलं तर देशप्रेम कमी होणार नाही का?

मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, तो उडवून लावू नये. 10 डिसेंबर 1948 ला स्वीकारलेल्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचंच उदाहरण घ्या. पहिल्या कलमाच्या मसुद्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकणारा शब्दप्रयोग होता. तो बदलून 'सर्व मानव' असं लिहिलं जावं यासाठी भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी आग्रह धरला. त्या आपल्या देशाच्या संविधान सभेच्याही सदस्य होत्या. देशासाठी राज्यघटना घडवणं आणि जगातल्या सगळ्या स्त्रियांसाठी एक शब्द लढवणं ही दोन्ही कामं एकच बाई त्याच काळात करत होती. स्वतःच्या समाजात न्याय मागणाऱ्या माणसाला दुसरीकडचा अन्यायही खुपतो, आणि तो खुपला म्हणून घर परकं होत नाही.

हवामान बदल, युद्धं, भूक... मुलं खचून जातात. इतकं सांगावं का?

सांगावं, पण प्रश्न सांगून तास संपवू नये. माणसांनी एकत्र येऊन सोडवलेले प्रश्नही अभ्यासक्रमात हवेत. 1974 मध्ये मारियो मोलिना आणि शेरवूड रोलँड या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की शीतकपाटांत आणि फवाऱ्यांत वापरली जाणारी सीएफसी रसायनं सूर्याची घातक किरणं अडवणारा ओझोनचा थर नष्ट करू शकतात. उद्योगांनी विरोध केला. 1985 मध्ये अंटार्क्टिकावरच्या थराची झालेली घट जगासमोर आली आणि 1987 मध्ये ही रसायनं आटोक्यात आणणारा मॉन्ट्रियल करार झाला. पुढे जगातल्या प्रत्येक देशाने तो मान्य केला. अंटार्क्टिकावरचा थर साधारण 2066 च्या सुमारास 1980 च्या पातळीवर येईल असा अंदाज आहे. आज शाळेत असलेली मुलं तो दिवस पाहतील, हे त्यांना जरूर सांगा. देवी रोगाचंही तसंच. शीतयुद्ध चालू असताना अमेरिका आणि सोव्हिएत संघ या मोहिमेत एकत्र काम करत होते, आणि 1980 मध्ये जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं.

वर्गप्रतिनिधीची निवडणूक घेतो. ती पुरेशी नाही का?

निवडून आलेल्या प्रतिनिधीचं काम गोंगाट करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणं एवढंच असेल, तर नाही. मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी 1992 मध्ये युनिसेफसाठी लिहिताना मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्या म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेसाठी उभं करणं आणि नावापुरतं विचारणं. हार्ट यांच्या मते या तिन्हींत खरा सहभाग नाही. आपल्या शाळेतल्या किती गोष्टी या तीन पायऱ्यांवर आहेत हे शिक्षकांनी एकदा बसून पाहावं.

मुलांकडे खरा निर्णय सोपवा, छोटा असला तरी. ग्रंथालयासाठी कोणती पुस्तकं घ्यायची, मैदान कोणत्या वर्गाला कधी मिळणार, उशिरा येणाऱ्यांबाबत काय नियम असावा. आणि तो निर्णय मग शिक्षकांनीही पाळायचा. पोलंडमधले डॉक्टर आणि शिक्षक यानुश कोर्चाक वॉर्साच्या अनाथालयात हे करत होते. तिथे मुलांचं न्यायालय होतं, मुलांचं वृत्तपत्र होतं, आणि त्या न्यायालयात मोठ्यांवरही तक्रार करता येत असे. खुद्द कोर्चाक त्यापुढे उभे राहिले. 1942 मध्ये नाझींनी त्यांना आणि त्या मुलांना ट्रेब्लिंकाच्या छावणीत ठार मारलं. पुढे 1978 मध्ये बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार व्हावा असा प्रस्ताव पोलंडनेच मांडला. 20 नोव्हेंबर 1989 ला तो करार संमत झाला. त्याच्या 12 व्या कलमानुसार मुलाला स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क आहे, आणि वय व समज पाहून त्या मताला वजन द्यायचं आहे. 42 वं कलम सांगतं की हे हक्क मोठ्यांना आणि मुलांनाही माहीत करून द्यायचे. वर्गात हा करार वाचला आहे अशा शाळा मला फार थोड्या भेटतात, याचं वाईट वाटतं.

खोट्या बातम्या ओळखायला कसं शिकवावं?

पानाची सजावट, शुद्धलेखन, 'आमच्याविषयी' हा मजकूर तपासायला सांगणं थांबवा. यातलं सगळं खोटं उभं करता येतं. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू या अमेरिकी संशोधकांनी इतिहासकार, विद्यापीठातले विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस यांच्या सवयी ताडून पाहिल्या. तथ्यतपासनीस अनोळखी पानावर रेंगाळत नव्हते. ते लगेच बाहेर पडून, या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते शोधत होते. पानावर जास्त वेळ घालवणारे विद्वान जास्त फसले. ही सवय मुलांना एका तासात दाखवता येते, मग सराव लागतो.

निरनिराळ्या देशांच्या वेशभूषेचा दिवस साजरा करतो. चालेल ना?

मजा म्हणून चालेल. पण त्याला जागतिक शिक्षण म्हणू नका. एका दिवसाच्या पोशाखातून 'ते लोक असेच असतात' हीच समजूत पक्की होते.

गरीब देशांतल्या मुलांसाठी निधी गोळा करावा का?

करायचा तर आधी ती गरिबी कुठून आली हे शिकवा, आणि केविलवाण्या चेहऱ्यांचे फोटो भिंतीवर लावू नका. नाहीतर काही माणसं देण्यासाठी जन्माला येतात आणि काही घेण्यासाठी, असं मुलांच्या मनात बसतं.

याला गुण कसे द्यायचे?

मुलाच्या मतांना गुण द्यायचे नाहीत, हा पहिला नियम. युक्तिवादाला द्या : पुरावा दिला का, विरोधी बाजू प्रामाणिकपणे मांडली का, नवी माहिती मिळाल्यावर विचार बदलला किंवा न बदलण्याचं कारण सांगितलं का. वर सांगितलेल्या तीन ओळींच्या चिठ्ठ्या वर्षभर फाइलला लावून ठेवल्या तर मुलाचा प्रवास स्पष्ट दिसतो. आठवीच्या विद्यार्थ्यांच्या नागरिकत्वाच्या शिक्षणाची 'आयसीसीएस' ही आंतरराष्ट्रीय पाहणी 2009, 2016 आणि 2022 मध्ये झाली. ज्या वर्गांत मुलांना मोकळेपणाने मत मांडता येतं, तिथल्या मुलांचं नागरिकशास्त्राचं ज्ञानही सहसा जास्त असतं, असं तिच्यात पुन्हा पुन्हा आढळलं. गुणांची काळजी करणाऱ्या पालकांना हे जरूर सांगा.

एखाद्या पालकाने तक्रार केली तर?

फोनवर उत्तर देऊ नका, भेटायला बोलवा आणि आधी पूर्ण ऐकून घ्या. बऱ्याचदा मुलाने घरी अर्धंच सांगितलेलं असतं. तासाचा आराखडा, दोन्ही बाजूंचं साहित्य आणि मुलांनी लिहिलेलं दाखवा. मुख्याध्यापकांना आदल्या दिवशी कल्पना दिलेली असावी, तक्रारीनंतर नव्हे. पालकांची हरकत योग्य असेल, एक बाजू खरंच दुबळी मांडली गेली असेल, तर पुढच्या तासाला मुलांसमोर ती नीट मांडा. आणि शक्य असेल तर त्या पालकांनाच पुढच्या चर्चेच्या तासाला मागच्या बाकावर बसायचं आमंत्रण द्या.